गृहपत्रिका, अंक तिसरा: डमी कॅन्टीनमध्ये फिरली

चाकणच्या आमच्या कारखान्याची आरोग्य गृहपत्रिका छपाईसाठी पानं मांडून लावायचं काम मी ड्युटी संपल्यावर हौसेने करतो. पहिल्या दोन अंकांचं रडगाणं गाऊन झालंय. तिसरा अंक ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या सकाळी, हातात पडायला हवा. म्हणून गेले तीन आठवडे रोज रात्री तास-दीड तास तेच चाललंय.

आकार ए५, पानं सोळा. म्हणजे ए४ चे चार कागद, मध्ये घडी आणि दोन पिना. पानं चारच्या पटीतच वाढतात हे एचआरला समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, कारण सगळं लागल्यावर साहेबांचा संदेश आला. सतरावं पान! शेवटी संदेश अर्धा करून दुसऱ्या पानावर बसवला. वाचायला बराच बरा झाला, हे आपल्यात राहू दे.

पानं लावायला स्क्रायबस १.६ हे सॉफ्टवेअर वापरतोय. १.५.३ पासून त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट लागतात. त्याआधीचे हाल ज्यांनी भोगलेत त्यांना सांगायला नको. फॉन्ट मजकुराला मुक्ता, शीर्षकांना तिरो देवनागरी मराठी, कारण त्यात मराठी वळणाचे ल आणि श आपसूक मिळतात. मजकूर ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १७. इंग्रजी अंकाच्या सवयीने आधी १४ ठेवलं होतं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसला.

खरी डोकेदुखी मजकुराची. अर्धे लेख युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधले, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढलेले. आरोग्याच्या अंकाला दोन शब्दांवाचून चालत नाही: ‘कर्मचाऱ्यांसाठी’ आणि ‘ॲसिडिटी’. नेमके तेच दोन फुटले. कन्व्हर्टरने साधा र टाकल्यामुळे ‘चाऱ्यां’मधला अर्धा र रफार होऊन य च्या डोक्यावर चढला होता. तिथे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य असाच क्रम लागतो. आणि ॲ ऐवजी सुटा अ आणि त्यावर चंद्र अशी दोन अक्षरं आली होती. दिसायला चालून जातात, पण काही ठिकाणी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. ॲनिमिया, ॲलर्जी, ॲसिडिटी… शोधा-बदला करून एकशे बारा जागा दुरुस्त केल्या. मग पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचलं, तरी मुखपृष्ठावर एक राहिलाच होता.

मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ करायचा नाद सोडला. ‘उच्चरक्तदाबामुळे’सारखा शब्द ओळीत मावला नाही की खाली उडी मारतो आणि वर दात पडल्यासारखी भोकं राहतात. डावीकडून सरळ, एकच रकाना.

चित्रांचंही तेच. फुकटच्या फोटोंमध्ये सॅलडकडे बघून हसणाऱ्या गोऱ्या बायका सोडून काही मिळेना. शेवटी आमच्या कॅन्टीनचं ताट स्वतःच काढलं: पोळी, उसळ, भात, लोणचं, पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. ताटात मीठ कुठे कुठे लपलंय तिथे लाल ठिपके दिले. लोणचं आणि पापड लालेलाल. कॅन्टीनचे मामा दोन दिवस बोलले नाहीत.

झोपेच्या लेखात डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘रात्री दहाला झोपावे’. थर्ड शिफ्टच्या पोरांच्या हातात हे पान द्यायचं? डॉक्टरांना फोन केला, तेही हसले, आणि लेख नव्याने आला: शिफ्टच्या उत्तरार्धात चहा बंद, सकाळी घरी जाताना गॉगल, खोलीला जाड पडदा.

आकड्यांचा निर्णय मात्र मनाविरुद्ध घेतला. मला देवनागरी आकडेच आवडतात. पण बीपीच्या मशीनवर दिसणारा आकडा आणि पानावरचा १४०/९० ताडून बघताना दोघे-तिघे अडखळले. त्यामुळे मोजायचे आणि फोनवर दाबायचे आकडे इंग्रजी, बाकी सगळे देवनागरी. नियम म्हणून कुरूप आहे, टोमणे मारा.

काल डमी, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, काढून जेवणाच्या सुट्टीत टेबलांवर ठेवली. पहिली गोष्ट दिसली ती मधल्या पानांवर, आठ आणि नऊवर. मानेच्या व्यायामाचं मोठं चित्र आहे तिथे वरची पिन बरोबर त्या माणसाच्या मानेत घुसली होती. अख्खं टेबल हसलं. चित्र डावीकडे सरकवतोय.

दुसरी गोष्ट मी तरी कधी धरली नसती. बॉयलर सूटच्या खिशात ए५ मावत नाही, म्हणून जो तो मधोमध आडवी घडी घालतो. मागच्या पानावर टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ नेमका त्या घडीवर होता. संध्याकाळपर्यंत शाई उडून मधले आकडे गेले. नंबर तीन सेंटिमीटर वर घेतलाय, मागचं पान मॅपलिथोवर (बिनचकाकीच्या कागदावर) घ्यायचं का हे प्रेसवाल्या काकांना विचारायचंय. सोमवारी प्रूफ.