हो-नाहीचा हिशोब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्राण्यांवरच्या आमच्या प्रयोगात नर-मादीचं मिलन झालं की 1, नाही झालं की 0, एवढाच डेटा. मग टक्केवारी काढून मोकळं व्हायचं सोडून लॉजिस्टिक रिग्रेशनचा, म्हणजे अनेक घटकांवरून ‘हो’ची शक्यता काढणाऱ्या पद्धतीचा, घाट कशाला, हा प्रश्न मला कायम ऐकावा लागतो.

दोनच गट असतील तर टक्केवारी पुरते. पण नराचं वजन, मादीचं वय, तापमान असं सगळं एकदम आलं, की प्रत्येकाचा वाटा वेगळा काढावा लागतो. तिथे साधी सरळ रेषा ओढून पाहा: एखाद्या धिप्पाड नराला मादी मिळण्याची शक्यता 108 टक्के निघते आणि किरकोळ नराची शून्याखाली जाते. लॉजिस्टिकचा वक्र दोन्ही टोकांना वाकतो, 0 आणि 1 च्या आतच राहतो. गंमत म्हणजे बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये हे समीकरण मांडलं ते लोकसंख्यावाढीसाठी, म्हणजे मिलनानंतरच्या भानगडीसाठी. आम्ही ते आधीच्या भानगडीला लावतो.

उत्तर मात्र ऑड्समध्ये, म्हणजे होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता, असं येतं आणि तिथे भलेभले घसरतात. ऑड्स दुप्पट म्हणजे शक्यता दुप्पट नव्हे. 20 टक्क्यांची 33 होते, 90 ची जेमतेम 95.

खरी गोची वेगळीच आहे. समजा 20 नर, प्रत्येकाला सहा वेळा वेगवेगळ्या मादीसमोर सोडलं. तक्त्यात 120 ओळी, पण नर 20 च. एखादा मुळातच आळशी असेल तर त्याची सहा शून्यं ही एकाच स्वभावाची सहा प्रतिबिंबं. मॉडेलला हे कळत नाही. त्याला 120 स्वतंत्र साक्षीदार दिसतात आणि ते नको तितकं ठाम बोलू लागतं. पर्यावरणशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, हे नाव दिलं. प्रत्येक नराला रँडम इफेक्ट देणारं, म्हणजे त्याचा मूळ स्वभाव वेगळा धरणारं, मिक्स्ड मॉडेल हा त्यावरचा नेहमीचा उपाय. सुरुवातीच्या काळात मीही तो इफेक्ट दिला नव्हता. पी-व्हॅल्यू (खरा परिणाम नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता; जितकी लहान तितकं बरं) इतकी देखणी आली, की शंका यायला हवी होती.

उलटही होतं. एका ठरावीक वजनावरचे सगळे नर यशस्वी, खालचे सगळे अपयशी. डोळ्यांना लख्ख दिसतंय, आणि सॉफ्टवेअर म्हणतं पी 0.99! कारण वक्र तिथे जिन्याच्या पायरीसारखा उभा होऊ पाहतो, गुणांक, म्हणजे वजनाच्या परिणामाचा आकडा, अनंताकडे पळतो आणि त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे त्यातली अनिश्चितता, त्याहून जोरात फुगते. अशा वेळी पळत्या गुणांकाला आवर घालणारी, संख्याशास्त्रज्ञ फर्थ यांची 1993 ची दुरुस्ती वापरायची. वजन परिणामशून्य आहे असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

आता या सगळ्याच्या आधीचं, जे कुठलंच मॉडेल सांगत नाही: 1 कशाला म्हणायचं? रातकिड्यांत मादी नराच्या पाठीवर चढते, मग नर तिला शुक्राणूंची पिशवी देतो. ती चढली, पण पिशवी न घेताच उतरली, तर? मी विचारलं की विद्यार्थी एकमेकांकडे बघतात. मग कळतं, दोघांनी निरीक्षणं वाटून घेतली होती. एकाने 1 लिहिलाय, दुसऱ्याने 0.