टर्मिनल सजवण्याआधी हिस्टरी वाढवा

नवीन लॅपटॉप आला की बहुतेक जण आधी टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, थीम बदलतात, फॉन्ट बदलतात, प्रॉम्प्टमध्ये (कमांडच्या आधी दिसणाऱ्या खुणेत) आयकॉन आणतात. दिवसभर ज्याच्याकडे बघायचं ते डोळ्यांना बरं वाटलंच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण टीममध्ये नवीन आलेलं कोणी विचारतं की ताई सुरुवात कुठून करू, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी हिस्टरी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची नोंद, नीट कर, बाकीचं सावकाश होईल.

बॅश हा एक शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. त्यात काहीच सेट केलं नाही तर फक्त शेवटच्या ५०० कमांड राहतात. उबंटू लिनक्स त्या १००० करून देतं आणि फाईलमध्ये २००० ओळी ठेवतं. दिवसभर गिट, डॉकर, एनपीएम अशी प्रोग्रामरची साधनं चालवणाऱ्या माणसाला हे कितीसं पुरणार, त्यातही निम्म्या ओळी फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएस आणि फोल्डर बदलणाऱ्या सीडीच्या. मग दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी शेजारी बसून सांगितलेली स्टेजिंग (चाचणीच्या) डेटाबेसपर्यंत सुरक्षित वाट उघडणाऱ्या टनेलची ती लांबलचक एसएसएच (दूरच्या सर्व्हरला जोडणारी) कमांड हवी असते आणि ती कधीच गेलेली असते, आणि आपण चॅटमध्ये जुने मेसेज उपसत बसतो.

म्हणून बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाईलमध्ये हिस्टसाईझ आणि हिस्टफाईलसाईझ दोन्ही एक लाख करून टाका, साधी टेक्स्ट फाईल आहे, जागा खाऊन खाऊन किती खाणार. दुसरं म्हणजे बॅश हिस्टरी फाईलमध्ये लिहितं ते टर्मिनल बंद होताना, आणि हिस्टअपेंड (जुन्याला जोडून लिहिण्याचा ऑप्शन) चालू नसेल तर आधीच्या फाईलवरच लिहितं, त्यामुळे चार टॅब उघडे असले की शेवटी बंद केलेल्या टॅबचंच टिकतं. हिस्टअपेंड चालू करा आणि प्रॉम्प्ट कमांड या सेटिंगमध्ये, जी प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालते, ‘हिस्टरी मायनस ए’ टाका, म्हणजे प्रत्येक कमांड लगेच लिहिली जाते. मॅकवाल्यांकडे २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून झेडएसएच हा शेल डिफॉल्ट आहे, तिथे शेअर हिस्टरी हा एकच ऑप्शन हे काम करतो आणि एका टॅबमधली कमांड दुसऱ्या टॅबमध्येही मिळते.

एवढी मोठी हिस्टरी शोधायची कशी, तर एफझेडएफ या शोधायच्या साधनाने. जुनेगन चोई नावाच्या कोरियन प्रोग्रामरने २०१३ मध्ये हे सुरू केलं, आधी रुबी या भाषेत होतं, नंतर गो या भाषेत पुन्हा लिहिलं. कंट्रोल आर दाबलं की सगळी हिस्टरी यादीसारखी समोर येते आणि आठवतील ते तुकडे टाकायचे, ‘५४३२ एसएसएच’ (५४३२ हा त्या कमांडमधला पोर्ट क्रमांक) टाका नाहीतर उलट टाका, क्रमाने काही बिघडत नाही, ती टनेलची ओळ वर येतेच. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे कमांडच्या शेवटी स्पेस देऊन हॅश (#) टाकायचा आणि पुढे आपल्या शब्दांत लिहून ठेवायचं की ही कशाची कमांड. शेल हॅशच्या पुढचं चालवत नाही पण हिस्टरीत ते राहतं, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं ‘स्टेजिंग टनेल’ शोधलं तरी सापडतं. झेडएसएचमध्ये यासाठी इंटरॲक्टिव्ह कॉमेंट्स चालू करावं लागतं. आणि पासवर्ड किंवा टोकन असलेली कमांड हिस्टरीत जाता कामा नये, त्यासाठी बॅशच्या हिस्टकंट्रोलमध्ये इग्नोरस्पेस (झेडएसएचमध्ये हिस्ट इग्नोर स्पेस) ठेवा आणि अशी कमांड सुरुवातीला एक स्पेस देऊन टाइप करा. ही सवय हाताला लावून घ्याच.

(टर्मिनल अचानक गोठलं, काहीच टाइप होत नाही असं झालं तर घाबरू नका, बहुतेक वेळा कंट्रोल एस दाबलं गेलेलं असतं, कंट्रोल क्यू दाबा की सुटतं.)

सर्व्हरवर काम करत असाल तर टीमक्स, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारं साधन, हवंच. पुणे-मुंबई ट्रेनमध्ये हॉटस्पॉटवर मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) चालवलंय आणि खंडाळ्याचा बोगदा आला की एसएसएच तुटणार म्हणजे तुटणार, पण काम टीमक्सच्या आत असेल तर ते सर्व्हरवर चालूच राहतं, रेंज आली की परत लॉगिन करून टीमक्स अटॅच करायचं. बरेच जण टीमक्सच्या कमांडआधी दाबायचं कंट्रोल बी बदलून कंट्रोल ए करतात, मी करत नाही, कारण कंट्रोल ए ने ओळीच्या सुरुवातीला जाता येतं आणि ते मला सतत लागतं.

शेलला जोडायचे प्लगिन मोजकेच ठेवा. नवा टॅब उघडायला वेळ लागत असेल तर झेडएसएचमधलं झेडप्रोफ चालवून बघा नक्की कोण वेळ खातंय. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांकडे बरेचदा ते एनव्हीएम, म्हणजे नोडच्या आवृत्त्या बदलायचं साधन, निघतं, ते गरज पडेल तेव्हाच लोड होईल असं करता येतं.

आता मराठी फाईलनावं वापरणाऱ्यांसाठी खास. ‘अहवाल’ नावाची फाईल केली आणि गिट स्टेटस बघितलं तर नावाच्या जागी बॅकस्लॅश आणि आकडेच आकडे येतात, एकट्या ‘अ’चे ३४०, २४४, २०५ असे तीन. फाईल खराब झालेली नसते, गिट यूटीएफ-८ चे (अक्षरं साठवायच्या पद्धतीचे) बाइट ऑक्टलमध्ये, म्हणजे आठ अंकांच्या पद्धतीत, दाखवत असतं. गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की नाव सरळ मराठीत दिसतं. काना-मात्रांवर कर्सर इकडेतिकडे जाण्याचा त्रास मात्र बऱ्याच टर्मिनलमध्ये अजून आहे, कारण प्रत्येक अक्षर ठरलेल्या चौकोनात बसवायचं असतं आणि आपली जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत. म्हणून फाईलनावं मराठीत असली तरी हॅशपुढचे शब्द मी सध्या रोमनमध्येच टाकते.