जपानी कुठून गिरवायला घ्यायचं?

"मॅडम, जपानी लिहा-वाचायला शिकायचंय. सुरुवात कुठून करू? आणि ती हजारो चित्रं खरंच पाठ करावी लागतात का?"

हा प्रश्न मला लोकांनी सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर रक्त तपासायला रांगेत बसले होते तिथेही विचारलाय. विचारणाऱ्यांत चाकणच्या कारखान्यांतले तरुण इंजिनियर असतात, मुलीला सुट्टीत कुठल्या वर्गाला घालावं ह्या विचारात असलेल्या आया असतात, आणि नातवंडं तिकडे असलेले आजी-आजोबाही असतात. दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून मी "एकदा निवांत या घरी" म्हणते. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत सांगते.

सगळ्यात आधी, रोमन लिपीतून जपानी शिकू नका. हे मी इतक्या कळकळीने सांगते, कारण माझे स्वतःचे आठ महिने त्यात गेले. मी ज्या वर्गात शिकले तिथे "बोलायला लागा, लिपी नंतर बघू" असं होतं. मी बोलायला लागलेही. मग कामानिमित्त पहिल्यांदा जपानला गेले आणि संध्याकाळी एका छोट्या खानावळीत शिरले. भिंतीवर हाताने लिहिलेल्या कागदी पट्ट्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीवर एका पदार्थाचं नाव. रोमन अक्षर एकही नाही. मालकीणबाईंनी एकेका पट्टीकडे बोट दाखवून वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की त्यांतले निम्मे शब्द मला येत होते. समोरच्याच पट्टीवर 'उदोन' लिहिलं होतं. अक्षरं तीन. ती तीन अक्षरं मला आठ महिन्यांत कुणी दाखवली नव्हती. त्या रात्री हॉटेलवर परत येऊन मी हिरागाना गिरवायला घेतली.

जपानीत तीन प्रकारची अक्षरं एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना ह्या दोन ध्वनिलिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या, आणि तिसरी चिनी वळणाची कांजी, म्हणजे लोक विचारतात ती हजारो चित्रं. हिरागाना आधी. रोज एक ओळ धरलीत तर दहा-अकरा दिवसांत ४६ अक्षरं हातात बसतात. पहिला आठवडा शेजारी देवनागरी उच्चार लिहिलेला चालेल, नंतर तोही झाकून टाका.

आता ह्या ओळी मोठ्याने म्हणून बघा. आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. ओळखीचं वाटतंय ना? ही बाराखडीच आहे. ओळींचा क्रमही ऐका: क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या क, च, त, प ह्या वर्गांशेजारी तो ठेवा. 'च'च्या जागी 'स' बसलाय, 'प'च्या जागी 'ह', बाकी सगळे जागच्या जागी आहेत. 'त'नंतर 'न', 'ह'नंतर 'म', शेवटी य-र-व.

ही मांडणी तिकडे आपल्याकडूनच गेली. बौद्ध मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून जपानी भिक्षू संस्कृतचे वर्ण शिकत, तेही सिद्धम् ह्या संस्कृत लिहायच्या जुन्या भारतीय लिपीतून. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकला, आणि ८०६ साली ग्रंथ घेऊन परतला. त्याने वसवलेल्या कोयासान ह्या डोंगरावरच्या मठाच्या दफनभूमीत मी फिरले आहे. उंच जपानी देवदारांखाली शेवाळलेले पाच थरांचे दगडी स्तूप उभे आहेत आणि त्यांच्या थरांवर खालून वर अ, व, र, ह, ख अशी सिद्धम् अक्षरं कोरलेली दिसतात. मी थांबून एकेक जुळवत गेले. त्याच अभ्यासातून भिक्षूंनी पुढे आपल्या भाषेचे ध्वनीही वर्णमालेसारखे ओळींत लावले. आज जपानी शब्दकोश त्याच क्रमाने लागतो, आणि मोबाइलवरचा जपानी कळफलकही. 'का'च्या बटणावर बोट ठेवून डावीकडे सरकवलं की कि, वर कु, उजवीकडे के, खाली को.

ह्या नात्याचा तुम्हाला रोजच्या अभ्यासात उपयोग आहे. 'का'च्या उजव्या खांद्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की 'गा' होतो, 'ता'चा 'दा' होतो. मग 'हा'चा काय? 'बा'. आणि रेघांऐवजी बारीक वर्तुळ दिलं तर 'पा'. इथे प्रत्येक नवशिका अडतो, 'ह'चा 'ब' होतोच कसा? कारण फार पूर्वी ही ओळ 'प'ची होती. उच्चार हळूहळू बदलत 'ह' झाला, अक्षर मात्र 'म'च्या आधीच्या आपल्या जुन्या घरातच राहिलं. प-ब-म म्हणून बघा, ओठ आपोआप सांगतील.

मराठी माणसाला आणखी एक देणगी आहे. 'त'च्या ओळीत 'ता' आणि 'ते'च्या मध्ये 'चि' आणि 'त्सु' येतात. हा 'त्सु' म्हणजे चूल आणि चुना ह्यांतला 'च'. हिंदी भाषकांना तो मुद्दाम शिकवावा लागतो. आपल्याकडे 'चिंच' ह्या एका शब्दात दोन्ही 'च' आहेत.

पण देवनागरी एका ठिकाणी दगा देते, आणि ते ठिकाण म्हणजे उच्चाराची लांबी. आपण कागदावर ऱ्हस्व-दीर्घ लिहितो आणि बोलताना फारसं पाळत नाही. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. शाळेत वृत्तं शिकताना मात्रा मोजायचात, तशा इथे मोजा. प्रत्येक अक्षराला एक मात्रा, लांबवलेल्या स्वराला आणखी एक, अडवलेल्या व्यंजनाला एक, सुट्या 'न'लाही एक. तोक्यो शब्दात चार मात्रा आहेत, तो-ओ-क्यो-ओ, आणि हिरागानात तो लिहितात तो-उ-क्यो-उ असा. टाळीवर म्हणा. मी आजही नवा शब्द मांडीवर बोटं आपटत पाठ करते.

उच्चार एक आणि लिहिणं दुसरं अशी तीन अक्षरं सुरुवातीलाच भेटतात. विषय दाखवणारा प्रत्यय 'वा' लिहायचा 'हा', दिशा दाखवणारा 'ए' लिहायचा 'हे', आणि कर्माला लागणारा 'ओ' हा 'वो'च्या अक्षराने. १९४६ साली जपानने शुद्धलेखन उच्चाराप्रमाणे केलं, तेव्हा ही तीन तशीच ठेवली. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आजोबांच्या पत्रांतले 'घरें', 'मुलें' ज्यांनी वाचलेत त्यांना जपानीतल्या ह्या तीन अक्षरांचं फार नवल वाटू नये.

काताकानाला लोक कंटाळतात, पण ती परकीय शब्दांची लिपी असल्यामुळे दुकानाच्या पाट्या आणि खाण्याचे पदार्थ वाचायला लगेच उपयोगी पडते. 'पान' वाचाल, तो म्हणजे आपला पाव. दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. फक्त 'शि' आणि 'त्सु' ह्या जुळ्यांकडे लक्ष द्या. 'शि'च्या दोन बारीक रेघा डाव्या कडेने एकाखाली एक लागतात आणि मोठी रेघ खालून वर जाते. 'त्सु'च्या त्या वरच्या कडेला शेजारी-शेजारी बसतात आणि मोठी रेघ वरून खाली उतरते. 'न' आणि 'सो' हेही असेच. नुसतं बघून हा फरक कळत नाही, हाताने काढला की कळतो.

म्हणून हाताने लिहा. जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेत एकही अक्षर हाताने लिहावं लागत नाही, सगळे पर्यायांचे प्रश्न, त्यामुळे लिहिणं सोडून द्यायचा सल्ला बरेच जण देतात. तो मला पटत नाही. निदान हिरागाना, काताकाना आणि पहिल्या दोन-तीनशे कांजी हातातून गेल्याच पाहिजेत. त्यापुढे वाचता आलं आणि टाइप करता आलं तरी पुरे. गणिताची मोठ्या चौकटींची वही आणा. एका चौकटीत एक अक्षर, चौकट भरेल एवढं. रेघांचा क्रम पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर, पेटीचं झाकण शेवटी. रेघेचा शेवटही तीन तऱ्हांचा असतो. तोमे म्हणजे थांबून उचलायचं, हाने म्हणजे टोकाला छोटी उडी, हाराइ म्हणजे केरसुणीसारखं झाडत न्यायचं. आपण पाटीवर कित्ता गिरवलाय, त्यामुळे ही शिस्त आपल्याला परकी नाही.

आता कांजी. रोजच्या वापरासाठी जपान सरकारच्या यादीत २,१३६ आहेत. आकडा ऐकून घाबरणाऱ्यांना मी दुसरा आकडा सांगते. जपानी मूल पहिलीच्या अख्ख्या वर्षात ८० शिकतं, आणि सहावी संपेपर्यंत १,०२६. दिवसभर तीच भाषा कानावर पडणाऱ्या मुलाला सहा वर्षं देतात, तर आपण स्वतःला थोडा वेळ द्यावा.

बहुतेकांना छळतो तो प्रश्न असा, की एकाच अक्षराचे दोन-तीन उच्चार कसे? पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. इथे मराठी तुमच्या कामी येते. तहान लागली की आपण पाणी मागतो, पण पोहण्याच्या स्पर्धेला 'जलतरण' म्हणतो. 'पाणीतरण' कुणी म्हणत नाही. आणि पोहण्याला जपानी शब्द आहे 'सुइएइ', पाण्याची कांजी आणि तरण्याची कांजी. डोंगर म्हणजे 'यामा', पण गिर्यारोहण म्हणजे 'तोझान', आपल्यासारखंच घरचा डोंगर सोडून पाहुणा 'गिरी' घेतलेला. आपण जोडशब्द घडवताना संस्कृतकडे जातो, ते जुन्या चिनीकडे जातात. तेव्हा कांजीचे उच्चार यादी करून घोकू नका. शब्द शिका, उच्चार शब्दाबरोबर येतो.

अक्षरं सोडवायलाही शिका. झाडाची कांजी, दोन झाडं म्हणजे झाडी, तीन झाडं म्हणजे घनदाट रान. झाडाशेजारी माणूस टेकवला की विश्रांती. झाडाच्या बुंध्याशी आडवी खूण केली की मूळ, उगम, आणि त्याच अक्षराने पुस्तकही. सूर्य आणि हे मूळ मिळून निहोन, म्हणजे जपान. पण सगळ्या कांजी अशा चित्रमय नसतात, आणि चित्रांच्या गोष्टींवरच विसंबलात तर शंभराच्या पुढे अडाल. बहुसंख्य कांजींत एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. निळ्या रंगाची कांजी घ्या. तिला पाणी जोडलं की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, बोलण्याची खूण जोडली की विनंती, आणि जोडशब्दात तिघींचा उच्चार 'सेइ'. हे एकदा दिसायला लागलं की न शिकलेल्या कांजीचाही उच्चार अंदाजाने सांगता येतो, आणि तो अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो.

"मग सगळं हिरागानातच का लिहीत नाहीत?" हा पुढचा प्रश्न. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. तिकडे एक जुनं वाक्य सांगतात: निवानिवानिवानिवातोरिगाइरु. अर्थ एवढाच, की अंगणात दोन कोंबड्या आहेत. नुसत्या हिरागानात ते भरकटवतं. पण अंगण, दोन, पक्षी मोजायचं अक्षर आणि कोंबडी ह्यांच्या कांजी घातल्या की शब्द सुटे होऊन नजरेत भरतात. मोडीची कागदपत्रं वाचणारे हे लगेच ओळखतील. तिथेही शब्द एकमेकांना चिकटून धावतात आणि ओळखीच्या आकारांना धरून वाट काढावी लागते.

वाचायला काय घ्यावं? लहान मुलांची पुस्तकं आणि फुरिगाना असलेल्या मांगा, म्हणजे कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागाना छापलेल्या जपानी चित्रकथा. एनएचके ही जपानची सार्वजनिक वाहिनी सोप्या जपानीत बातम्या देते, त्याही घ्या. वाचताना मनात इंग्रजी आणू नका. जपानी वाक्य आपल्या वाक्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दामागे. 'ताबेते मिरु' हे शब्दाला शब्द 'खाऊन बघणे'. प्रश्नाच्या शेवटी लागतो तोही 'का'. 'येतोस का?' हे 'किमासु का?' होतं तेव्हा वर्गातल्या मुलांचे चेहरे उजळतात, ते बघायला मला अजून आवडतं.

वयाचं विचारणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. माझ्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी येत, वय त्रेसष्ट. मोडी वाचायचा छंद, नात नागोयात दुसरीला. पाच महिन्यांनी त्यांनी तिला जपानीत पहिलं पोस्टकार्ड पाठवलं, सगळं हिरागानात, कांजी फक्त सात. तिने त्याचा मोबाइलवर फोटो काढून परत पाठवला. दोन कांजींच्या टोकाशी राहून गेलेल्या हाने तिने लाल पेनाने भरल्या होत्या, आणि शेजारी जपानी शिक्षक बरोबर उत्तराला काढतात तसं मोठं लाल वर्तुळ काढलं होतं. पुढच्या तासाला ते चौकटींची दुसरी वही घेऊन आले.