फ्रीजरमधले उंदीर आणि '६६ टक्के हेट' अजगर

आपल्याकडे साप निघाला की पहिला प्रश्न एकच, विषारी का बिनविषारी. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलायला गेलेले कितीतरी जण दवाखान्यात पोचलेत. इकडे इंग्लंडात साप पाळणाऱ्यांमधे तो प्रश्नच येत नाही, कारण घरोघरी असतात ते कॉर्न स्नेक नाहीतर रॉयल पायथन म्हणजे एक अजगरच, दोन्ही बिनविषारी, आणि नाग-फुरसं असलं काही पाळायचं तर १९७६ च्या कायद्याखाली कौन्सिलचं लायसन लागतं. (आपल्याकडचा कोणताही साप घरात ठेवला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, त्यामुळे माझं बघून कुणी बरण्या शोधू नका!)

मग इथे ओळखायचं काय, तर जीन, म्हणजे आईबापाकडून आलेला जनुक, त्यावरच रंग-नक्षी ठरते. रॉयल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा, तपकिरी-काळा. त्यात पाईड म्हणून एक प्रकार, अर्धं अंग पांढरंशुभ्र. हा जीन रिसेसिव्ह, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. दोन हेट, म्हणजे जीन अंगात आहे पण दिसत नाही असे, एकमेकांना लावले तर सरासरी चार पिल्लांत एक पाईड. उरलेली तीन दिसायला अगदी साधी, पण त्यातली दोन हेट असणार, कुठली ते ब्रह्मदेवालाच ठाऊक. म्हणून डब्यावर लिहितात '६६ टक्के हेट' आणि पैसे जास्त लावतात. आता हे बघून कसं ओळखणार, विकणाऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवायचा, बस.

माझ्याकडच्या मादीने यंदा अंडी घातलीत. कोंबडीसारखी टणक नसतात, चामड्यासारखी मऊ आणि एकमेकांना चिकटलेली. वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची, कारण अंडं उलटं झालं तर आतला जीव जाऊ शकतो. टॉर्च लावला की लाल शिरांचं जाळं दिसतं, मग इनक्युबेटरमधे ३१-३२ डिग्रीला जवळजवळ दोन महिने. पिल्लू दाताने कवच फाडतं आणि नुसतं तोंड बाहेर काढून दिवसभर तसंच पडून राहतं, ओढायचं नाही, आतला बलक संपवत असतं. सापांच्या खाण्यासाठी फ्रीजरमधे मटारशेजारी उंदरांची पिशवी असते, बायकोने त्यावर मार्करने मोठ्ठी कवटी काढलीय.

रॉयल पायथनच्याच स्पायडर नावाच्या प्रकाराला मात्र मी हात लावत नाही. नक्षी सुरेख, पण त्याच जीनमुळे कानाच्या आतली रचना बिघडते, मान थरथरते, काही तर उंदीर पकडताना नेम चुकतात. देखणेपणापायी असला जीव मुद्दाम जन्माला घालायचा हे मला पटत नाही, कुणी कितीही म्हणो की त्याला त्रास होत नाही.

आणि इथे राहणारं कुणी घेणार असेल तर जीन नंतर बघा, आधी विचारा पिल्लू खातंय का. रॉयल पायथन रुसला तर महिनोन्महिने उंदराकडे ढुंकून बघत नाही.