पिक्चर कधी?

मंगळवार, रात्र

आज दिवसभर अर्धा सेकंद शूट केला.

मसाला चमच्यातून निसटून कढईत पडेपर्यंत तेवढाच वेळ लागतो. कॅमेरा सेकंदाला १००० फ्रेम घेणारा आणि जाहिरात चालणार २५ फ्रेमनं, म्हणजे तो अर्धा सेकंद पडद्यावर २० सेकंदांचा होतो. अख्खी फिल्म ३० सेकंदांची. त्यात या शॉटला मिळणार दोन, फार तर अडीच. उरलेलं सगळं फेकायचं, पण कुठले अडीच ठेवायचे हे कळायला वीसच्या वीस पाहावे लागतात.

बाहेरच्यांना वाटतं, यात दिग्दर्शन काय? मसाला तर पडणारच आहे. पण इतक्या वेगात प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. त्यामुळे हातभर जागेवर एखाद्या लग्नाचा हॉल उजळेल इतका लाइट मारावा लागतो. तोही कुठलाही चालत नाही. आपल्याकडच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, या कॅमेऱ्याला दिसतं आणि चित्र फडफडतं. फूड स्टायलिस्ट सकाळपासून मिरचीपूड वाळवून चाळत बसली होती, कारण एवढ्या जवळून बारीकशी गुठळीसुद्धा दगडासारखी कोसळताना दिसते. तेल थंडगार होतं. 'चर्र' नंतर साउंडवाला घालणार. तरी पूड उडून सगळ्यांना ठसका लागलाच. स्पॉटदादा पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरत होते.

मॉनिटरसमोर एजन्सीची माणसं, त्यांच्या मागे क्लायंटची. पीपीएममध्ये, म्हणजे शूटिंगआधीच्या बैठकीत, कढईचा रंगसुद्धा ठरलेला असतो: कोणती कढई, कोणता चमचा, बाईच्या हातात किती बांगड्या, सगळ्यांच्या सह्या झालेल्या. सेटवर नवं काही सुचलं तर ते आधी ठरलेलं घेऊन झाल्यावर, वेळ उरला तर. मला याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं. भांडणं आधीच कागदावर भांडून झालेली असतात, सेटवर फक्त हात चालवायचे.

मी या धंद्यात आले तीच कागद-पेन्सिल घेऊन. मुंबईतल्या जेजे कला संस्थेत उपयोजित कला शिकत असताना एका जाहिरातवाल्या दिग्दर्शकाला स्टोरीबोर्ड काढून द्यायचे. दुसऱ्याच्या डोक्यातली फ्रेम आपल्या हातानं काढायची आणि मग ती शूट होताना कोपऱ्यात उभं राहून पाहायची. कुठला माणूस कडेला सरकला, लेन्स का बदलली, माझ्या चित्रात जे छान दिसत होतं ते जागेवर का बसलं नाही, हे सगळं तिथे दिसायचं. असिस्टंट झाले ती पुढे. पण लेन्सचं गणित मला त्या कोपऱ्यातच कळलं.

गुरुवार, पहाटे

झोप येत नाहीये. काल वरळी कोळीवाड्यात गाणं शूट केलं.

नारळी पौर्णिमेचं गाणं. मुखड्यात दर्या, अंतऱ्यात होरी म्हणजे होडी, शेवटी उधाण. लेबलवाल्यांना, म्हणजे गाणं बाजारात आणणाऱ्या कंपनीला, हव्या होत्या समुद्रात चाललेल्या होड्या, वरून ड्रोननं. आता गाणं सणाआधी बाहेर यायचं म्हणजे शूट जुलैत करावं लागतं, आणि १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या ताडपत्रीखाली शाकारलेल्या. रेकीला, म्हणजे जागा पाहायला, गेले तेव्हा एका मावशींना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. "अगो बाय, आता होरी पाण्यात कोण टाकील?" अशा वेळी कुणाचं तरी जुनं ड्रोन फुटेज विकत घ्यायचं आणि मध्ये चिकटवून द्यायचं, ही सोपी वाट. मला ती आवडत नाही. चिकटवलेला समुद्र ओळखू येतो. उजेड वेगळा असतो, पाण्याचा रंग वेगळा असतो.

तिथेच फिरताना एका गल्लीत काही माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली दिसली. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात दोऱ्याची सुई, तोंडानं गप्पा. बंदीच्या महिन्यांत कोळीवाड्यात काय चालतं, तर हे. मग मी गाणंच फिरवलं. समुद्र नाहीच, समुद्राची तयारी आहे. शब्द सगळे दर्याचे, चित्र सगळं किनाऱ्यावरचं. गीतकारानं हो म्हटलं, लेबलवाल्यांनी नाइलाजानं.

गाण्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट लोकांना माहीत नसते. नाच स्लो मोशनमध्ये हवा, पण ओठ शब्दांवर बसायला हवेत, तर शूटिंगला गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. कॅमेरा ५० फ्रेमवर, नाचणारे दुप्पट वेगात, आणि मग ते २५ फ्रेमनं चालवलं की ओठ बरोबर बसतात आणि पदर मात्र तरंगत राहतो. स्वर तसाच ठेवून वेग वाढवता येतो, पण आमच्या प्लेबॅकवाल्या पोरानं नुसता वेग वाढवून आणला होता. गायिकेचा तो भरदार आवाज स्पीकरवर चिरका, चिमुकला झाला. गल्लीतल्या पोरांची हसून हसून पुरेवाट. लुगडं नेसून त्या वेगात ठेका धरायचा आणि चेहऱ्यावर घाई दिसू द्यायची नाही, हे फार अवघड काम आहे. आमच्या मुख्य नर्तकीनं ते असं केलं की मी मॉनिटर सोडून तिच्याकडेच बघत राहिले. तिचं मानधन या गाण्याच्या बजेटला शोभेल एवढंच आहे, म्हणजे फारच थोडं. हे लिहून ठेवते, पुढच्या जाहिरातीत तिला बोलवायचं.

दुसरा ताप उभ्या फ्रेमचा. आता प्रत्येक शॉट दोनदा विचारात घ्यावा लागतो, एकदा टीव्हीसाठी आडवा, एकदा रीलसाठी उभा. मॉनिटरवर उभ्या चौकटीच्या रेषा काढलेल्या असतात. बारा जणींची ओळ आडव्या फ्रेममध्ये भरलेली दिसते, उभ्यात तिघीच उरतात. म्हणून काल त्यांना ओळीत न ठेवता गल्लीत आतपर्यंत मागे-पुढे उभं केलं. दोन्हीकडे चाललं. खरं तर आडव्यातही ते आधीपेक्षा बरं दिसलं, पण हे मी रीलवाल्यांना सांगणार नाही.

गुरुवार, संध्याकाळ

आत्याचा फोन. नेहमीप्रमाणे पाऊस, गुडघे आणि मग, "तुझा पिक्चर कधी गं?"

मी मसाल्याच्या कामाचं सांगितलं.

"ते ठीक आहे. पण मागच्या वेळी टीव्हीवर ती जाहिरात लागली, मी शेवटपर्यंत डोळे लावून बसले, तुझं नाव कुठे आलंच नाही."

"जाहिरातीत नाव येत नाही, आत्या."

"मग लोकांना कळणार कसं?"

कळत नाही. खरंच कळत नाही.

या प्रश्नाला इंडस्ट्रीत एक ठरलेलं उत्तर आहे, ते म्हणजे मोठ्या माणसांची यादी. श्याम बेनेगल मुंबईत लिंटास या जाहिरात एजन्सीत जाहिरातींचा मजकूर लिहीत होते, त्यांनी शेकड्यांनी जाहिरातपट केले आणि मग १९७४ साली 'अंकुर' आला. प्रदीप सरकारांनी जाहिराती आणि इंडीपॉपचे व्हिडिओ केले, मग सिनेमा. पार्टीत कुणीतरी ही यादी म्हणतंच, आणि ती अशी सांगतात की जणू आधीची सगळी वर्षं माणूस स्टेशनवरच्या बाकावर बसून होता. मला ती यादी नको वाटते. 'अंकुर'ला पैसा लावला तो ब्लेझनं, थिएटरांत जाहिरातपट दाखवणाऱ्या कंपनीनं. म्हणजे जाहिरातीनं नुसता दिग्दर्शक नाही दिला, सिनेमाही उभा केला. हे मात्र यादीत कुणी म्हणत नाही.

माझ्या मनात त्याऐवजी 'मिले सुर मेरा तुम्हारा' येतं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं. ते गाणं आहे की जाहिरात? विकायला काही नाही, पण घडवलं जाहिरातवाल्यांनीच. कल्पना सुरेश मलिकांची, शब्द पीयूष पांडेंचे, दोघंही एजन्सीतले. चाल बांधणाऱ्यांत आपले अशोक पत्की, ज्यांच्या कितीतरी जिंगल लोक कुणाच्या आहेत हे माहीत नसताना गुणगुणतात. दिग्दर्शन कैलास सुरेंद्रनाथांचं, धबधब्याखालची लिरिलची जाहिरात केली तेच. आत्याला भीमसेनांचा तो पहिला सूर आजही जसाच्या तसा म्हणता येतो. दिग्दर्शकाचं नाव विचारलं तर ती म्हणेल, त्याला दिग्दर्शक होता?

मला हे वाईट वाटत नाही. वाटायला हवं बहुतेक. पण कढईत पडणारा मसाला बघून कुणाला भूक लागली आणि का लागली ते कळलं नाही, तर माझं काम झालं. पिक्चर करावासा वाटेल तेव्हा करीन. सध्या डोक्यात दीड-दोन तासांची एकही गोष्ट नाही. चाळीस सेकंदांच्या पुष्कळ आहेत.

हे आत्याला सांगितलं नाही. "बघू," म्हटलं.

शुक्रवार, रात्र

सकाळी मसाला, दुपारनंतर गाणं, अंधेरीतल्या एकाच एडिट रूममध्ये. ३० सेकंद म्हणजे ७५० फ्रेम, त्यातल्या शेवटच्या ७५ पॅकशॉटच्या, म्हणजे नुसता पुडा दाखवायच्या, तिथे हात लावायचा नाही. उरलेल्यांत सून, सासू, कढई आणि एक वळण. एडिटर म्हणाला, सुनेचं वळून बघणं सहा फ्रेमनं कमी कर. सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंदही नाही. कमी केलं तर ती रागावलेली वाटायला लागली. परत घातल्या. एजन्सीचा निरोप आला की ब्रँड पहिल्या पाच सेकंदांत दिसायला हवा, कारण त्यानंतर मोबाइलवर 'स्किप' येतं. बरोबरच आहे त्यांचं. कढईमागे पुडा ठेवलेला एक शॉट मी घेऊनच ठेवला होता.

गाण्याची गंमत उलटी. सुरुवातीला जाळी शिवणारे हात, दोऱ्याचा आवाज, लांबून कुणीतरी हाक मारतंय, आणि १८ सेकंदांनंतर ढोलकी. लेबलचा माणूस मागे उभा राहून घड्याळ बघत होता. म्हणाला, "मॅडम, मुखडा पहिल्या पाच सेकंदांत पाहिजे. लोक थांबत नाहीत."

जाहिरातीत हेच वाक्य मी सकाळी मुकाट्यानं ऐकलं होतं. तिथे तो अर्धा मिनिट त्यांनी विकत घेतलेला असतो. गाणं लोक स्वतःहून लावतात, त्यांना १८ सेकंद धरवतात असं मला वाटतं. एडिटरला वाटत नाही. तोही लेबलवाल्याच्या बाजूनं बोलायला लागला, तेव्हा मी त्याला चहा आणायला पाठवलं.

रात्री माझाच कट पाठवला. खाली लिहिलं: मुखडा आधी हवा असेल तर रीलसाठी वेगळा कट देईन, त्याचे पैसे वेगळे पडतील.