तुम्ही विचारलंत म्हणून: पटावर ब्रेल का नाही

मी केलेला लाकडी सारीपाट हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला. "अंधांसाठी आहे ना? मग ब्रेल कुठंय?" विचारणारे बहुतेक डोळस. एकदाचं लिहूनच टाकते.

हा पट मी अण्णांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी करायला घेतला. काचबिंदूने त्यांची नजर गेली ती साठीनंतर. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात लहानपणीच्या सुट्ट्या सारीपाटावर काढलेला माणूस. ब्रेल शिका म्हणणाऱ्यांना ते सांगत, "मला वाचायचं नाही, मला खेळायचंय."

शिवाय पट मी लेझरने कापून घेते, आणि लेझरला खोदता येतं, उठवता येत नाही. ब्रेलचा ठिपका साधारण ०.५ मिमी उंच, शेजारचा ठिपका २.५ मिमीवर. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, तो उभा ठेवायचा तर भोवतालचं सगळं जाळून काढायचं. मकरपुऱ्यात मी काम करून घेते तिथे एरवी नेमप्लेटा कापतात आणि हिशेब मिनिटावर असतो. माझी कोरलमधली (आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमधली) फाइल बघून तिथला भाई म्हणाला, "बेन, आ तो आखो दिवस चालशे." वर बोटाला काजळी लागते ती वेगळीच. बारीक भोकं पाडून त्यांत मणी बसवता येतात, हे मला ठाऊक आहे. कृपया पुन्हा सुचवू नका.

भोकं मात्र लेझरने पाडावीत. ३ मिमीच्या फळीत प्रत्येक घराला एक, आणि सोंगटीच्या बुडाला खुंटी. लेझरचा किरण स्वतः थोडं लाकूड खातो, त्यामुळे भोक आणि खुंटी एकाच मापाची काढली तर सोंगटी डुगडुगते. खुंटी केसभर जाड ठेवावी लागते. रंगांच्या जागी आकार आले. षटकोन बाद झाला, कारण एवढ्याशा मापात तो बोटाला गोलच लागतो. फुलीच्या घरांवर आडव्या रेघा खोदल्या. कवड्यांना काहीच करावं लागलं नाही, उताणी की पालथी ते हाताला कळतंच. अंधांच्या बुद्धिबळातला एक नियम उचलला: मोहरं भोकातून निघालं तरच हात लावला असं धरायचं, नुसतं चाचपणं माफ. अण्णा तासाभरात आमच्या सोंगट्या मारायला लागले. इथवर माझं उत्तर पक्कं होतं.

मग मी चिठ्ठ्या घातल्या. नुसत्या दानावर खेळ एकसुरी होतो म्हणून 'दोन घरं मागे', 'सोंगटी बदला' असले हुकूम, छापील. अण्णा आपली चिठ्ठी माझ्याकडे सरकवायचे, मी कानात सांगायची. कुणाची तक्रार नव्हती.

एका रविवारी शेजारच्यांची भाची खेळायला आली. जन्मापासून अंध, बारावीत, गुजराती माध्यमातली, पण मराठी छान बोलते. पट तिने दोन्ही हातांनी एकदा पालथा घातला आणि चारही पट्ट्या तिला पाठ. पहिली चिठ्ठी उचलली, दोन्ही बाजू चाचपल्या, आणि ती तशीच हातात धरून बसली. मी म्हटलं, "दे, वाचते."

"तुम्ही वाचलीत तर ती माझी कशी राहील, काकू? तुम्ही तर माझ्याविरुद्ध खेळताय."

मी म्हटलं, तुझ्या कानात सांगेन. ती म्हणाली, "सांगाल हो. पण तुम्हाला कळलेलं असेल ना?" मी लाकडाचं, मिनिटांचं, काजळीचं पुराण सुरू केलं. तिने ऐकून घेतलं. "चिठ्ठी कागदाची आहे, काकू. तिथे लेझर कशाला?" अण्णा हसले. मला नाही हसू आलं. तिने डाव पुरा केला, पण चिठ्ठी एकही उघड केली नाही.

नंतर मी चिठ्ठ्या पातळ प्लायच्या केल्या आणि कडेला खाचा पाडल्या: एक खाच म्हणजे मागे, दोन म्हणजे बदला. अण्णांना जमल्या. ती म्हणाली, हे तुमचं पाठ करायचं, माझी लिपी मला येतेच की. आणि ब्रेल लिहायच्या स्वतःच्या पाटीवर जाड कागदाच्या चिठ्ठ्या टोचून आणल्या. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी क आणि गुजराती क यांचे ठिपके एकच, त्यामुळे माझे मराठी हुकूम तिने जसेच्या तसे उतरवले. अण्णांनी त्यांवर बोट फिरवलं. "रवा सांडलाय," म्हणाले.

तेव्हा पटावर ब्रेल नाही, आणि मी घालणारही नाही. चिठ्ठ्यांचे सध्या दोन गठ्ठे आहेत. एकाच डावात दोन्ही वापरले की पाठीवरून कळतं कुणाच्या हातात कोणती, आणि त्यावरून ती आणि अण्णा अजून भांडतायत.