दहा पौंड बार्ली

डब्यातल्या माल्ट सिरपची बिअर तीनदा करून झाली होती. सिरप पाण्यात ढवळा, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळलेली फुलं) घालून उकळा, गार करून यीस्ट टाका. पाकिटातल्या इडलीसारखं; खायला बरं, पण आपण केलं म्हणायला जीभ अडखळते. म्हणून मार्चअखेरीस, मिनेसोटातल्या आमच्या अंगणात अजून बर्फ असताना, थेट धान्यापासून करायचं ठरवलं. (अमेरिकेत १९७८च्या कायद्याने याला मोकळीक दिली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आहे, तिथे परवान्याशिवाय हा उद्योग नको.)

दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो बार्ली माल्ट दुकानातूनच भरडून आणला. पीठ करायचं नसतं. टरफल शाबूत राहिलं तर पुढे तेच गाळणी होतं, नाहीतर नुसता चिखल. भिजवायला सहलीला नेतो तो मोठा कूलबॉक्स, तळाशी स्टीलची जाळी आणि बाहेर तोटी.

६७ अंश सेल्सिअसला तासभर भिजवलं की धान्यातली एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात. तापमान उतरलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी, पातळ लागते. चढलं तर जड. मी कागदावर हिशोब मांडला होता: १४ लिटर पाणी ७३ अंशांना, धान्य पडलं की ६७. ओतलं, उकडीसारख्या गाठी मोडल्या, थर्मामीटर बुडवला. ६३!

हिशोबात धान्य २० अंशांचं धरलं होतं. पोतं आणि कूलबॉक्स दोन्ही रात्रभर गॅरेजमध्ये, आणि तिथे जेमतेम २ अंश. धावत जाऊन दोन लिटर पाण्याचं आधण ठेवलं. ते ओतून काटा ६७वर आला, तोवर पंचवीस मिनिटं गेली होती.

वास घरभर झाला तशा सासूबाई खाली आल्या. सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि या प्रकाराबद्दल आठवडाभर मौन पाळून होत्या. झाकण उघडून म्हणाल्या, "अहो, हा तर नाचणी सत्वाचा वास!" खरंच होतं. मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं; माल्ट म्हणजे दुसरं काय? "चोथा टाकू नका हं," एवढं बजावून त्या वर गेल्या.

तोटी सोडली की पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात. ते परत वरून ओतायचे, मग चोथ्याच्याच थरातून रस नितळ उतरतो. ७६ अंशांच्या पाण्याने चोथा धुऊन एकूण २४ लिटर गोड रस मिळाला, त्याला वर्ट म्हणतात. तो तासभर उकळायचा. फेस दुधासारखा एकदम वर येतो. मी हॉप्सचं पाकीट फोडत होतो तेवढ्यात उतू गेला आणि शेगडी चिकट झाली.

मग दुसरी घाबरगुंडी. गरम वर्टमध्येच हायड्रोमीटर सोडला (रस पाण्याहून किती दाट, म्हणजे त्यात साखर किती, ते दाखवणारी तरंगती नळी), तो म्हणाला १.०३०. एवढ्या धान्यातून एवढीच साखर? तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं बर्फगार पाणी फिरवून वीस मिनिटांत २० अंशांवर आणलं, पुन्हा मोजलं: १.०४६. गरम द्रव विरळ असतो, हे शाळेत शिकलो होतो. ऐन वेळी आठवलं नाही, इतकंच.

यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच, बुडबुडू लागला. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटरचा आकडा १.००८, म्हणजे ५ टक्के अल्कोहोल. बाटल्यांत फेस धरावा म्हणून ११५ ग्रॅम साखर विरघळवून ४८ बाटल्या भरल्या आणि आणखी दोन आठवडे दम धरला. बिअर सोनेरी झाली, वास झकास, पण हवी होती त्याहून कोरडी. ती पहिली पंचवीस मिनिटं घोटाघोटाला कळत होती.

चोथ्याची थालीपिठं मात्र धान्य भिजवलं त्याच संध्याकाळी झाली होती. चव खमंग, पण टरफलं दातांत अडकत होती. पुढच्या खेपेला सासूबाईंनी चोथा वाळवला, मिक्सरमधून काढला आणि चाळून घेतला. मी पोतं आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात आणून ठेवलं.